साहसशिक्षण आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेले आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले एक साधे शिक्षक आहोत. या सभागृहात आमच्याहून कितीतरी अधिक शिकलेली मंडळी बसली आहेत. परीक्षा, प्रवेश आणि परदेशगमन यांविषयी आम्ही त्यांना काय सांगावे? म्हणून आम्ही वेगळा विषय निवडला आहे. डोंगर चढणे, होडी वल्हविणे, नकाशा पाहून वाट काढणे, रानात राहुटी ठोकून मुक्काम करणे यांतून मुलांना जे शिक्षण मिळते, त्यास साहसशिक्षण असे नाव आहे. ते आपल्या मुलांना मिळते काय, आणि मिळत नसेल तर त्यांचे काय हरवते, एवढाच आमचा आजचा प्रश्न.

थोड्या वेळापूर्वी येथे गुणगौरव झाला. नव्वदाच्या वर गुण मिळविलेली मुलेमुली व्यासपीठावर आली आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या, त्या मुलांचे कष्ट खरे आहेत. परंतु टाळ्या वाजविताना मनात आले की, यांपैकी किती जणांनी स्वतःचे अंथरूण पाठीवर घेऊन एखादा डोंगर चढला असेल? किती जणांना अंधारात वाट चुकल्यावर, फोन न लावता, शांत बसून विचार करावा लागला असेल? दमलेल्या सोबत्यासाठी किती जण थांबले असतील? हे प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. आयुष्य मात्र ते विचारल्यावाचून राहत नाही, आणि विचारण्यापूर्वी वेळापत्रकही लावीत नाही.

या शिक्षणास पद्धतशीर रूप कसे आले, ती हकीकत उद्बोधक आहे. कुर्ट हान नावाचे एक जर्मन शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १८८६ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. १९२० साली त्यांनी जर्मनीत सालेम येथे शाळा काढण्यात पुढाकार घेतला. पुढे हिटलरच्या अनुयायांच्या अत्याचारांस त्यांनी उघड विरोध केला. १९३३ साली त्यांना अटक झाली, आणि सुटका झाल्यावर त्याच वर्षी ते ब्रिटनला गेले. तेथे, स्कॉटलंडमध्ये, १९३४ साली त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली. या शाळेतील मुले अभ्यासाबरोबर समुद्रकिनाऱ्यावर पहारा देत आणि संकटात सापडलेल्यांच्या सुटकेचे धडे घेत. आधुनिक तरुणांची शारीरिक क्षमता, स्वतः पुढे होऊन काम करण्याची वृत्ती, कामातील कसब व काळजी, आत्मसंयम आणि परदुःखाविषयीची कणव ही सारी क्षीण होत चालली आहेत, असे हान यांचे निदान होते. हे निदान शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन मुलांविषयी होते की आजच्या आपल्या मुलांविषयी, असा प्रश्न आम्हांस पडतो.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन पाणबुड्या ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडवू लागल्या. एका मोठ्या जहाज कंपनीचे चालक लॉरेन्स होल्ट यांच्या मनास एक गोष्ट सारखी डाचत होती. जहाज बुडाल्यावर खलाशी लहान होड्यांत उतरत आणि मदतीची वाट पाहत. तेव्हा तरुण, धट्टेकट्टे खलाशी लवकर धीर सोडतात आणि वयाने मोठे, शिडाच्या जहाजांवर मुरलेले खलाशी तग धरतात, असे होल्ट यांचे मत झाले होते. वस्तुतः बळ तरुणांच्या अंगात अधिक होते. उणीव होती ती अनुभवाची, आणि ‘यातूनही निभावता येते’ या विश्वासाची. हा विश्वास केवळ सांगून येत नाही. पूर्वी कधीतरी निभावून नेलेले असावे लागते.

या विचारातून होल्ट आणि हान यांनी १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही या किनाऱ्यावरील गावी एक शाळा सुरू केली. तिचे नाव ‘आउटवर्ड बाउंड’. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजास खलाशांच्या भाषेत असे म्हणतात. अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा होता. लहान होड्या चालविणे, नकाशा व होकायंत्र घेऊन रानातून वाट काढणे, दुसऱ्यास संकटातून सोडविणे, समुद्रावरील एक सफर, डोंगररांगा ओलांडणारी एक पदयात्रा आणि आसपासच्या गावकऱ्यांची सेवा असे त्याचे स्वरूप होते. तेथे जहाजांवरील उमेदवारांबरोबर कारखान्यांतील शिकाऊ कामगार आणि शाळांतील विद्यार्थीही येत. मुलांना खलाशी बनविणे हा मुख्य हेतू नव्हता. समुद्र हे साधन होते. माणूस घडविणे हे साध्य होते. ज्या मुलाला पुढे कचेरीत बसून हिशेब लिहावयाचे आहेत, त्यालाही त्या होडीचा उपयोग होता. युद्ध संपले तरी ही शाळा बंद पडली नाही. तिच्या शाखा पुढे अनेक देशांत निघाल्या.

आता कोणी विचारील, की डोंगरात आणि समुद्रात असे काय आहे, जे वर्गात नाही? आम्ही आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की निसर्ग पक्षपात करीत नाही आणि रागावतही नाही. वर्गात मुलाने चूक केली की शिक्षक लाल शाईने रेघ मारतो. मुलाला वाटते, गुरुजी आपल्यावर रुष्ट आहेत. डोंगरावर मात्र पाणी जपून वापरले नाही तर तहान लागते, राहुटीचा दोर सैल बांधला तर रात्री राहुटी कोसळते. तेथे वाद घालावयास कोणी नसते, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी न सांगता दोर घट्ट बांधतो.

दुसरी गोष्ट गटाची. दहाबारा जणांच्या तुकडीत प्रत्येकास काम असते. कोणी नकाशा पाहतो, कोणी चूल पेटवितो, कोणी सर्वांच्या मागे राहून कोणी सुटत नाही ना, हे पाहतो. आज ज्याच्याकडे आज्ञा देण्याचे काम, त्याच्याकडे उद्या भांडी घासण्याचे. पुढारीपण आणि सेवा ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे मुलास हाताने शिकावयास मिळते.

तिसरी गोष्ट मापाची. काम मुलाच्या आजच्या शक्तीपेक्षा थोडे अधिक हवे, परंतु आवाक्याबाहेरचे नको. फार सोपे असेल तर कंटाळा येतो. फार कठीण असेल तर भीती कायमची बसते. हे माप ओळखणे हेच साहसशिक्षकाचे खरे कसब होय.

चौथी गोष्ट अनेकजण विसरतात. दिवस मावळल्यावर सर्वांनी एकत्र बसून, आज काय झाले, कोण कोठे अडला, कोणी कोणास हात दिला, हे मोकळेपणाने बोलावे लागते. अनुभव घेतला आणि त्याविषयी विचारच केला नाही, तर ती नुसती दमछाक ठरते.

हे आम्ही केवळ वाचून सांगत नाही. नोकरीच्या काळात आम्ही काही वर्षे सातवीच्या मुलांना राजगडावर नेत असू. गुंजवणे गावातून चोर दरवाजाच्या वाटेने चढावयाचे, पद्मावती माचीवर मुक्काम करावयाचा, आणि सकाळी बालेकिल्ला पाहून उतरावयाचे. वर्गातले पहिले क्रमांक आणि डोंगरावरचे पहिले क्रमांक सहसा जुळत नसत. एक मुलगा होता. त्याचे वडील गुरे राखीत. वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि नाव विचारले तरी खाली पाही. चोर दरवाजाच्या अलीकडील उभ्या चढावर आमचा सर्वांत हुशार विद्यार्थी दोन्ही हातांनी खडक धरून जागीच थिजला. तेव्हा हा गुराख्याचा मुलगा कोणी न सांगता त्याच्या खाली जाऊन उभा राहिला, आणि ‘हा दगड हलतो, तो धर, आता डावा पाय इथे,’ असे एकेक पाऊल सांगू लागला. दोघेही वर आले. त्यानंतर वर्षभर ते दोघे एका बाकावर बसत. गणिते एक समजावून देई. दुसऱ्याला आपलेही काही मोल आहे हे कळले होते, म्हणून तो ती समजून घेई. त्या मुलाला आम्ही तीन वर्षे शिकवीत होतो. डोंगराने त्याची ओळख आम्हांलाही एका सकाळीत करून दिली.

पुढे काळ पालटला. पालक सभेत प्रश्न येऊ लागले: पाय मुरगळला तर जबाबदार कोण? तेथे स्वच्छतागृह आहे काय? हे प्रश्न गैर नव्हते. परंतु त्यांची उत्तरे शोधण्याऐवजी गड सोडून देण्यात आला, आणि सहल जलक्रीडा उद्यानात जाऊ लागली. तेथे मुले दिवसभर घसरगुंड्यांवरून घसरतात आणि आनंदाने परत येतात. आनंदास आमचा विरोध नाही. पण घसरगुंडीवरून खाली येण्यास कोणाच्या हाताची गरज लागत नाही, आणि कोणास हात द्यावाही लागत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी आता प्राध्यापक आहे. आमच्या या मतास काही आधार आहे काय, असे आम्ही त्यास विचारले. त्याने १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक संशोधन-निबंध आम्हांस समजावून दिला. जॉन हॅटी आणि त्यांचे सहकारी यांनी साहसशिक्षणावरील ९६ निरनिराळे अभ्यास एकत्र करून तपासले होते. आत्मविश्वास, स्वतःवरील ताबा, निर्णयशक्ती, पुढारीपण अशा बाबतींत मुलांची प्रगती दिसलीच. परंतु विशेष हे की, शिबिर संपून काही काळ लोटल्यावरही ती ओसरली नव्हती, उलट वाढली होती. परीक्षेनंतर महिन्याभरात काय उरते, हे आम्हां शिक्षकांस चांगले ठाऊक असल्यामुळे या गोष्टीचे आम्हांस मोठे अप्रूप वाटले. त्याच निबंधात असेही आहे की, सर्वच शिबिरांचा परिणाम सारखा नसतो. वीस दिवसांहून अधिक चालणाऱ्या शिबिरांचा परिणाम अधिक दिसला. तेव्हा दोन दिवसांच्या सहलीने मूल पालटून येईल, अशी जाहिरात कोणी केली तर तिजवर विश्वास ठेवू नये.

आपल्या देशातही या शिक्षणाची परंपरा आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. त्या यशाच्या प्रेरणेने नोव्हेंबर १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली, आणि तरुणांना प्रत्यक्ष डोंगरावर शिकविण्याची जबाबदारी तेनसिंग यांनी घेतली. १९६५ साली उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था निघाली. या संस्थांत प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. आपल्याकडील अनेक तरुण तेथे शिकून आले, आणि सह्याद्रीत गिर्यारोहण मंडळांमार्फत इतरांस शिकवू लागले.

ही संपन्न घरांची हौस आहे, असे कोणी म्हणत असेल तर दोन उदाहरणे पाहावीत. तेलंगणातील मालावत पूर्णा ही शेतमजुरांची कन्या समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकत होती. तिला आधी खडकावर, मग दार्जिलिंगला आणि पुढे लडाखच्या थंडीत तयार करण्यात आले, आणि २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी, तिने एव्हरेस्ट गाठले. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी तेच शिखर सर केले. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून ते तयार झाले होते. आपल्या प्रत्येक मुलाने एव्हरेस्ट चढावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्या घरी काही नव्हते, त्यांच्या मुलांवर कोणीतरी विश्वास टाकला. आणि आपल्या घरी सर्व काही असून आपण मुलांना जिना चढू न देता उद्वाहनात बसवितो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

येथे माता-भगिनींच्या मनातील शंका आम्ही जाणतो. डोंगरावर अपघात होतात. होतात, हे खरे आहे, आणि ते लपविणे हा अप्रामाणिकपणा होईल. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात ‘द्रौपदी का डांडा’ या शिखरावर हिमकडा कोसळून उत्तरकाशीच्या संस्थेच्या तुकडीतील वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. ती माणसे प्रशिक्षित आणि प्रशिक्षण घेणारी होती. निसर्गापुढे पूर्ण हमी कोणीही देऊ शकत नाही. परंतु दुसरीही एक बाजू आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळ पावसाळी सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. त्या दुर्दैवी कुटुंबास दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांच्या जागी आपल्यापैकी कोणीही असू शकले असते. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खालचा ओढा किती वेगाने भरतो, हे आपल्यापैकी किती जणांना कोणी शिकविले आहे? आपण न्या अथवा नेऊ नका, मुले अठरा वर्षांची झाली की मित्रांसमवेत धबधब्यावर आणि गडावर जाणारच. प्रश्न एवढाच उरतो, की ती शिकून जाणार की न शिकता.

म्हणून आमचे म्हणणे असे, की संकटापासून दूर ठेवणे हे मुलाचे खरे रक्षण नव्हे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मापून दिलेल्या संकटाशी त्याची भेट घडविणे, आणि ती भेट घडत असता दुसऱ्याची जबाबदारीही त्याच्यावर सोपविणे, हे रक्षण होय. पोहता न येणाऱ्यास विहिरीपासून दूर ठेवता येते. पण जन्मभर दूर ठेवता येत नाही.

आणखी एक शंका मुलींविषयीची. मुलाला पाठवू, मुलीला कसे पाठवावे? बचेंद्री पाल यांचे उदाहरण आम्ही देतो. उत्तरकाशीजवळील एका खेड्यात, साध्या कुटुंबात जन्मलेल्या या मुलीने एम. ए. आणि बी. एड. केले. तिने शिक्षिका व्हावे, अशीच घरच्यांची इच्छा होती. ती गिर्यारोहण शिकली, आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचणारी पहिली भारतीय महिला झाली. पुढे तिने हजारो तरुण-तरुणींना साहसाचे शिक्षण दिले. शिक्षिका व्हावे ही घरच्यांची इच्छा अशा रीतीने पूर्ण झाली, फक्त वर्ग मोठा मिळाला. आपल्या मुली आज परगावी वसतिगृहांत राहतात, रात्रपाळीच्या नोकऱ्या करतात. त्यांना नोकरीसाठी घराबाहेर पाठविताना आपण धीर करतो, मग धैर्य शिकण्यासाठी पाठविताना कचरतो, याचे आम्हांस नवल वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. नुसते भाषण ऐकून घरी जाणे हा आपल्या संमेलनांचा जुना रोग आहे. तेव्हा मंडळापुढे आम्ही विनयपूर्वक एक सूचना मांडतो. मंडळाच्या शिक्षण-निधीतून आपण पुस्तके आणि शुल्क देतो, ते चालू राहावे. परंतु त्याचा एक लहान भाग बाजूस काढून बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींचे दरवर्षी एक शिबिर भरवावे. पहिल्या वर्षी जवळची टेकडी आणि एक रात्रीचा मुक्काम; दुसऱ्या वर्षी एखादा गड; तिसऱ्या वर्षी, जी मुले टिकतील त्यांच्यासाठी, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई. तुकडी दहाबारा जणांहून मोठी नसावी. मुलींसाठी शिक्षिका सोबत असावी. मार्गदर्शक रीतसर प्रशिक्षण घेतलेला असावा, आणि प्रथमोपचाराची पेटी व ती वापरता येणारा माणूस दोन्ही बरोबर असावीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. शिबिर भरविणारी संस्था त्यानुसार नोंदलेली आहे की नाही, हे पाहूनच तिच्या हाती मुले द्यावीत. पावसाळ्यातील धबधबे आणि निसरडे कडे टाळून हिवाळ्यात शिबिर घ्यावे. फोन पायथ्याशी ठेवावेत. एक मार्गदर्शकाकडे पुरे. आणि शिबिरात श्रीमंताचा मुलगा व गरिबाचा मुलगा यांची शिदोरी एकत्र मांडावी.

ज्ञातिबांधवांनो, आणखी एक नम्र विनंती आहे. हे शिबिर केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरते ठेवू नये. गडाच्या पायथ्याच्या गावातील चार मुले आपल्या मुलांबरोबर घ्यावीत. चढावर कोणता दगड हलतो, हे त्यांना ठाऊक असते. आपल्या पूर्वजांनी हे गड बांधले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते पाथरवट, गवंडी, हमाल आणि मावळे कोणत्या एकाच ज्ञातीचे नव्हते. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड आदी महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी, अशा बारा किल्ल्यांचा युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समावेश केला. या वारशाचे वारसदार आपली मुले. परंतु वारसा केवळ पाहून येऊन भागत नाही. त्याच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी मोजाव्या लागतात.

पुढील वर्षी याच व्यासपीठावर गुणवंतांच्या रांगेत आणखी एक रांग असावी, अशी आमची इच्छा आहे. त्या रांगेतील मुलांचे गुण किती, हे आम्ही विचारणार नाही. त्यांनी कोणास हात दिला आणि कोणाचा हात धरला, एवढेच विचारू. गुणपत्रिका सोळाव्या वर्षी उपयोगी पडते. हे दुसरे शिक्षण साठाव्या वर्षीही उपयोगी पडते, हे आम्ही आमच्या वयाच्या आधारे सांगू शकतो.

ज्यांना हा विचार पटेल, त्या पालकांनी सभा संपल्यावर कार्यवाहांकडे आपल्या पाल्याचे नाव नोंदवावे. पहिल्या शिबिरास सोबत म्हणून यावयाची आमची तयारी आहे. बालेकिल्ल्यापर्यंत आता गुडघे साथ देतील की नाही हे सांगवत नाही. पण पद्मावती माचीवर बसून चहाचे आधण ठेवण्याइतके बळ अजून अंगात आहे.